बिनमालकीची पुस्तिका

बळवंत हरिश्चंद्र मेहेर. जन्म सातपाटी, १९५५. मृत्यू पालघर, २०२४. शिक्षण रसायनशास्त्रातील पदवी. व्यवसाय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकाचा, निवृत्ती २०१३. पत्नी मैनाबाई, कन्या चारुता. लेखन एकच: ‘वास आला तर’ ही बारा पानांची पुस्तिका, २०१७.

एखाद्या सरळमार्गी माणसाची नोंद एवढ्यावर थांबली असती तरी कोणाची तक्रार नव्हती. परंतु त्या बारा पानांपैकी सातवे पान त्यांच्या हातून सुटले, दुसऱ्याच्या हातात बदलले आणि त्यांचेच नाव मिरवीत परत आले. ते कसे घडले, हे क्रमाने सांगितले पाहिजे.

बळवंतरावांची उभी हयात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीसाठी मुले तयार करण्यात गेली. व्हॉल्व्ह कसा फिरवावा, दाबमापक कसा वाचावा, रसायनाची चालू बॅच अर्धवट सोडून का जाऊ नये, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले. पण संस्थेत शिकलेला मुलगा कारखान्यात गेला की नियंत्रण कक्षात बसे. ड्रम उचलणारे, टाकीत उतरून गाळ काढणारे, गळती झाली तर तिच्यासमोर पहिल्यांदा सापडणारे हात ठेकेदाराच्या माणसांचे असत. ही माणसे वाणगावच्या पलीकडच्या पाड्यांवरून येत, नाहीतर थेट उत्तरेकडून. त्यांना कोणी काही शिकवलेले नसे. ड्रमचा रंग आणि मुकादमाचा आवाज, एवढ्या भांडवलावर त्यांचे काम चाले.

आणि वासाची तर सगळ्यांनाच सवय होऊन गेलेली. बोईसरच्या नाक्यावर उभे राहिले तर कधी कुजक्या अंड्यांचा वास येई, कधी बदामासारखा गोड. सकाळच्या वाऱ्याबरोबर तो मुरब्याच्या किनाऱ्यापर्यंतही पोहोचे. माणसे नाकाला रुमाल लावीत आणि अर्धवट राहिलेले वाक्य पुरे करीत. कोणता वास कोणत्या कारखान्याचा, हे ओळखून दाखवण्यात काहींना अभिमान वाटे. बळवंतरावांना त्या दुर्गंधीपेक्षा या सवयीची धास्ती अधिक होती. ज्या दिवशी खरोखर पळावे लागेल, त्या दिवशीही ही माणसे खिशातून रुमालच काढतील, असे ते म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांनी पुस्तिका लिहायला घेतली. वाक्ये लहान, टाइप मोठा, अवघड शब्द एकही नाही. तिचे सातवे पान असे होते:

‘वास आला, डोळे झोंबले, तर आधी वारा पाहा. धुराडे, झाड, दोरीवरचे कापड, काहीही सांगेल. वारा जिकडे चालला आहे तिकडे पळू नका. वाऱ्याला आडवे निघा, मग वाऱ्याच्या तोंडाकडे वळा. जमण्याची ठरलेली जागा वाऱ्याच्या वाटेत असेल, तर ती जागा सोडा. कोणाच्या परवानगीसाठी थांबू नका.’

या पानात रसायनशास्त्र थोडे आणि सातपाटीचा किनारा जास्त होता. वडिलांच्या होडीवर ते लहानपणीच शिकले होते की, हिवाळ्यात सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो आणि दुपार झाली की तो फिरून समुद्रावरून जमिनीवर येतो. सकाळी ज्या दिशेला पाठ द्यावी, दुपारी तिकडेच तोंड करावे लागते. म्हणून त्यांनी पानात दिशा लिहिली नाही, जागा लिहिली नाही. फक्त वारा लिहिला.

पुस्तिका पुरी झाली, तेव्हा ती लोकांपर्यंत पोहोचवायची कशी, असा प्रश्न निघाला. चारुता पालघरच्या एका महाविद्यालयात शिकवीत असे. आपल्या टिपणांना मुक्त परवाना देऊन ती इंटरनेटवर ठेवण्याचा तिचा परिपाठ होता. एका रविवारी ती सातपाटीला आली. बापलेक पायरीवर बसले; मैनाबाई ओट्यावर सुके बोंबील निवडीत होत्या.

“बाबा, मुक्त परवान्याचेही प्रकार असतात,” चारुता म्हणाली. “कोणीही छापावं, वाटावं, बदलावं. पण मूळ लेखकाचं नाव द्यावं, आणि बदल केला असेल तर काय बदललं ते सांगावं. एवढी अट ठेवू या.”

“अट कशाला?”

“उद्या कोणी त्यात काही घुसडलं तर?”

“घुसडू दे. कोणी चित्रे घालील, कोणी हिंदी करील. चांगलेच आहे.”

“आणि वाईट काही घातलं तर?”

बळवंतराव हसले. “तू सातपाटीची ना? होडी लागली की दोर ओढायला हात लावणाऱ्याच्या पदरात आपण मासळी टाकतो. दुसऱ्या दिवशी त्याला विचारायला जातो का, की ती तू रांधलीस, सुकवलीस की विकलीस?”

मेहेरांच्या घरात ही रीत देवासारखी पाळली जाई. होडीवरून दिलेल्या मासळीची पुन्हा चौकशी करायची नाही. केली तर दिलेच नाही असे धरले जाई. बळवंतरावांच्या वडिलांनी एकदा थट्टेने तशी चौकशी केली, तेव्हा दोर ओढणाऱ्या एका विधवेने पाटीभर मासळी त्यांच्या पायाशी आणून ओतली होती. तिचा तो चेहरा शाळकरी बळवंताने पाहिला होता. दिलेल्या वस्तूच्या मागे जाणे म्हणजे घेणाऱ्याला अपमानित करणे, हे त्याच्या मनात तेव्हा जे रुतले, ते पदवीने किंवा नोकरीने हलले नाही.

मैनाबाई मान वर न करता म्हणाल्या, “अवो, मासली खाल्ली की संपते. तुमचा कागद कंदी संपनार?”

“तू आपले बोंबील बघ.”

“बोंबीलच बघते. तुमच्यापरीस तेच बरे. उलट बोलत नाय.”

चारुता हसली आणि तिने माघार घेतली. शेवटच्या पानावर छापले गेले ते असे: ‘या पुस्तिकेवर कोणाचीही मालकी नाही. छापा, वाटा, बदला. विचारण्याची गरज नाही, नाव देण्याचीही गरज नाही.’ मुखपृष्ठावर लेखकाचे नाव होतेच. शंका विचारणाऱ्याची गैरसोय होऊ नये म्हणून मागच्या बाजूला फोन क्रमांकही दिला होता.

पहिली काही वर्षे सुखाची गेली. झेरॉक्सच्या दुकानांतून पुस्तिका निघत राहिली. कोणीतरी हिंदी केली, डहाणूच्या एका चित्रकाराने चित्रे काढली. क्वचित फोन येई. कोणी विचारी, डोळ्यांत ॲसिडचा शिंतोडा गेला तर पाणी किती वेळ मारायचे? बळवंतराव उभे राहून उत्तर देत, जणू वर्गातच आहेत.

२०२१ सालची दिवाळी होऊन गेली होती. चष्म्याची काडी बसवून घेण्यासाठी बळवंतराव बोईसरच्या बाजारात आले होते. दुकानाच्या पायरीवर एक काटक माणूस त्यांच्यासमोर थांबला.

“सर, तुमी मेहेर सर ना?”

“हो. आपण?”

“मी जिवल्या. वानगावचे पलीकडं ऱ्हातो, पाड्यावर. ठेक्यावर हाय कंपनीत. पुस्तकावर तुमचा फोटो हाय ना, त्याच्यावरनं वलखला.”

पुस्तिकेवर फोटो कधीच नव्हता. बळवंतरावांच्या मनात काहीतरी हलले, पण जिवल्या भरभरून बोलत होता.

“लय उपेगाचा पुस्तक, सर. आदी जरासा वास आला की पोरा पळायची. आता कोनी हालत नाय. मागल्या म्हयन्यात तर डोल्यातनं पानी यायला लागला, तरी आमी सगले उभे. साहेब बोलला, शाब्बास! मेहेर सरांची पोरा शोभता.”

“कुठे उभे होता?” बळवंतरावांनी विचारले. आपला आवाज आपल्यालाच लांबून येत आहे, असे त्यांना वाटले.

“फाटक दोनला. पुस्तकात हाय तसा.”

जिवल्याने डब्याच्या पिशवीतून पुस्तिका काढली. गुळगुळीत रंगीत कागद, मुखपृष्ठावर बळवंतरावांच्या निवृत्तीच्या सत्कारातला हार घातलेला फोटो. अकरा पाने शब्दशः त्यांची. सातवे पान असे:

‘वास आला तर घाबरू नका. जागा सोडू नका. पर्यवेक्षकाच्या सूचनेची वाट पाहा. सूचना मिळताच फाटक क्रमांक दोनबाहेर शांतपणे जमा व्हा. पुढील सूचना मिळेपर्यंत तेथेच थांबा.’

“हे मी लिहिलेले नाही,” बळवंतराव म्हणाले.

जिवल्या दिलखुलास हसला. “मस्करी करता काय, सर? नाव तुमचा, फोटो तुमचा. वाकचौरे साहेब बोलला, माझे गुरूंनी लिवलाय.”

सुजित वाकचौरे हा बळवंतरावांचा विद्यार्थी. वडील संगमनेरहून वसाहतीत नोकरीला आलेले. मुलगा हुशार, तोंडाळ, कामाचा. आता त्याचा मजूर पुरवण्याचा ठेका होता आणि दोनचार कारखान्यांच्या सुरक्षेचे कामही तोच पाही. बळवंतराव तडक त्याच्या कार्यालयात गेले. त्याने खुर्चीतून उठून त्यांच्या पायांना हात लावला.

“बसा, सर. चहा सांगतो. साखर कमी, आठवतंय मला.”

“सातवे पान कोणी बदलले?”

“मी बदललं.” लपवाछपवी नाही, संकोचही नाही. “तुम्हीच लिहिलंय ना सर, बदला म्हणून? विचारायचीही गरज नाही म्हणून?”

“सुजित, माणसे मरतील.”

“आणि चालू बॅच सोडून पळाली तर मरणार नाहीत? हे मला कोणी शिकवलं? एकदा वास आला शेजारच्या कंपनीचा, आणि आमचे सगळे वीर रसायनांचा रिॲक्टर तसाच टाकून रस्त्यावर. तापमान चढतंय, बघायला कोणी नाही. मी होतो म्हणून वसाहत जागेवर आहे, सर.”

तो खोटे बोलत नव्हता, हे बळवंतरावांना कळत होते आणि त्यामुळेच ते अधिक घाबरले. लबाडाशी भांडता आले असते.

“मग रिॲक्टरवरच्या माणसासाठी वेगळे पान लिही. ड्रम उचलणाऱ्याला कशासाठी थांबवतोस?”

“दोन नियम केले की एकही पाळला जात नाही.”

“आणि फाटक दोनच का?”

“मॉक ड्रिल घेतलं ना आम्ही. दर वेळी धूर समुद्राकडे, माणसं रस्त्याकडे. एकाला साधी शिंक आली नाही.”

“ड्रिल केव्हा घेतोस?”

“सकाळच्या पाळीला. दुपारी माणसं जेवून पेंगलेली असतात.”

बळवंतरावांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला. फाटक क्रमांक दोन कारखान्याच्या पूर्वेला होते. सकाळी वारा पूर्वेकडून येई, म्हणून ते सुरक्षित. दुपारी समुद्राचा वारा सुटला की सगळ्या कारखान्यावरून वाहत तो त्याच फाटकावर येणार होता. त्यांनी हे सुजितला कागदावर आकृती काढून समजावले. सुजितने मान डोलावून ऐकले.

“घेऊ, सर. एक ड्रिल दुपारचंही घेऊ.”

“तोवर माझे नाव काढ.”

“नाव काढलं तर वाचणार कोण? मेहेर सर म्हटलं की माणसं ऐकतात. सुजित वाकचौरेचं कोण ऐकतं? आमच्या घरातही नाही ऐकत.” तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, “आहेत त्या प्रती संपू द्या. पुढच्या छपाईला तुमचंच पान घालतो. शब्द देतो.”

चारुताने ऐकले मात्र, ती वडिलांना घेऊन पालघरला एका वकिलांकडे गेली. वकिलांनी सांगितले की, मालकी सोडली तरी लेखकाचा एक विशेष अधिकार कायद्याने राखलेला असतो. त्याच्या लेखनाची मोडतोड करून कोणी त्याच्या नावाला बाधा आणीत असेल, तर तो हरकत घेऊ शकतो. नोटीस आज पाठवता येईल. फक्त तिची सुरुवात ‘सदर पुस्तिका ही माझी कृती आहे’ अशी करावी लागेल.

बळवंतराव त्या वाक्यापाशी अडले. “मालकी नाही असे मी छापून दिले आहे. आता माझी म्हणून परत मागू?”

“बाबा, परत मागत नाही आपण,” चारुता काकुळतीला आली. “तुमच्या ताटात कोणी तिसराच विष वाढतोय, तेवढं थांबवतोय.”

“सुजितने शब्द दिला आहे. दुपारचे ड्रिल एकदा घेऊ दे. त्याच्या डोळ्यांनीच दिसेल त्याला.”

नोटीस गेली नाही. ड्रिलही झाले नाही. कधी उत्पादनाची घाई, कधी पाहुणे येणार म्हणून. दरम्यान इतर ठेकेदारांनी सुजितची पुस्तिका मोबाइलवरून उचलली. कोणी फाटक दोनच्या जागी पाच केले, कोणी सूचनेच्या जागी लेखी परवानगी केली. नाव आणि फोटो मात्र कोणीच काढला नाही.

मग बळवंतरावांनी आपल्याला सुचला तो उपाय केला. मूळ सातव्या पानाच्या प्रती काढल्या आणि पाळी सुटण्याच्या वेळी ते कारखान्यांच्या फाटकांबाहेर जाऊन उभे राहू लागले. माणसे कागद घेत, फोटोतला माणूस प्रत्यक्ष पाहून नमस्कार करीत आणि गोंधळून जात. रामनाथ नावाचा मध्यमवयीन मजूर होता, बिहारकडचा. त्याने खिशातली रंगीत पुस्तिका काढून कागदाशेजारी धरली.

“बाबूजी, नाम तो दोनों पर आप ही का है। सच्चा कौन-सा?”

“यह वाला,” बळवंतराव म्हणाले.

“लेकिन फोटो तो इस पर है।” रामनाथ अवघडल्यासारखा हसला. मग म्हाताऱ्याचे मन दुखावू नये म्हणून त्याने तो काळापांढरा कागद व्यवस्थित घडी करून रंगीत पुस्तिकेच्या आत ठेवला आणि दोन्ही खिशात घातले.

त्या दिवशी बळवंतरावांना प्रथमच स्पष्ट उमगले की, आपण सुधारणा करीत नसून आणखी एक पाठभेद वाटीत आहोत. घरी आल्यावर त्यांनी जेवण अर्धे टाकले. फोन वाजला की ते ताडकन उठत.

“असे दचकता काय?” मैनाबाई म्हणाल्या. “फोनच हाय, नाग नाय.”



२०२२ च्या फेब्रुवारीतली दुपार. बळवंतराव अंगणात बसले होते. समोर बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील सकाळभर समुद्राकडे झुकून होते. वारा पडला, बोंबील सरळ झाले. मग समुद्राकडून झुळूक आली आणि सगळी रांग पूर्वेकडे वळली. त्याच सुमारास फोन वाजला.

“सर, जिवल्या बोलतंय. वास हाय. जोराचा. आमी फाटक दोनला आलाव, पुस्तकापरमानं. आता फुडं काय?”

बळवंतराव उभे राहिले. “वारा कुठून येतो आहे?”

“तोंडावर. कंपनीकडनं.”

“मग तिथून निघ. आत्ता. कंपनीकडे तोंड आहे ना? उजव्या हाताला, कुंपणाला धरून चालत सुट. सगळ्यांना घे.”

“सुपरवायझर बोलतो, थांबा.” जिवल्या खोकला. त्याच्यामागे पुष्कळ माणसे खोकत होती. “आनि पुस्तकात पन थांबा हाय, सर. तुमीच लिवलाय.”

“ते मी लिहिलेले नाही, जिवल्या!”

“मंग तुमचा नाव कसा?”

या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला मासळीपासून सुरुवात करावी लागली असती. तेवढा श्वास पलीकडे कोणापाशी नव्हता. बळवंतराव ओरडले, त्या घराने त्यांना ओरडताना कधी ऐकले नव्हते.

“पुस्तक माझे आहे! माझे आहे ते, आणि मी सांगतो, ते पान खोटे आहे! पळ!”

 मग जिवल्या आपल्या बोलीत कोणाकोणाची नावे घेऊन हाका मारू लागला. पावले धावल्याचा आवाज आला. त्यांतून एक आवाज, ओळखीचा, रामनाथचा, समजुतीने सांगणारा: “अरे रुको, किताब में लिखा है रुको। मत जाओ, काम से निकाल देंगे।” मग फोन बंद पडला. बळवंतरावांनी पुन्हा पुन्हा लावला. मैनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

जिवल्याबरोबर त्याच्या पाड्याची माणसे निघाली आणि वाचली. बाकीच्यांना थांबण्याची सवय लागली होती. ते सूचनेसाठी थांबले. सूचना आली तेव्हा ती ऐकण्याच्या स्थितीत फार थोडे होते. रामनाथ आणि आणखी दोघे फाटकाजवळच दगावले. रामनाथच्या खिशात रंगीत पुस्तिका सापडली आणि तिच्या आत, घडी न मोडलेला, काळापांढरा कागद.

चौकशी पालघरला झाली. सुजितने आपल्या जबाबात सांगितले की, बदल करण्याची मुभा लेखकाने छापून दिलेली आहे. ते अक्षरशः खरे होते. वकिलांनी बळवंतरावांना आदल्या दिवशी बजावले होते: सातवे पान माझे नाही, एवढेच सांगा, त्याहून एक शब्द जास्त नको.

चौकशी अधिकाऱ्याने पुस्तिका पुढे सरकवली. “ही आपली?”

“मुखपृष्ठावरचे नाव माझे. आतली अकरा पाने माझी. सातवे नाही,” बळवंतराव म्हणाले. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून ते पुढचे वाक्य बोलले. “परंतु ते बदलण्याची परवानगी माझी. बदल झाल्याचे मला कळले होते, आणि हरकत घेण्याचा अधिकार असूनही मी ती वेळेत घेतली नाही. हेही लिहून घ्यावे.”

“मेहेर साहेब, मला रकान्यात एकच शब्द भरायचा आहे. आपली, की आपली नाही?”

“माझी.”

बाहेर बाकावर बसलेल्या चारुताने हे ऐकले आणि कपाळाला हात लावला. त्या एका शब्दामुळे वर्तमानपत्रांत सुजितच्या नावाआधी बळवंतरावांचे नाव आले. सातपाटीच्या बाजारात माणसे त्यांच्याशी पूर्वीसारखीच बोलत, फक्त थोडी लवकर निरोप घेत. रामनाथच्या भावाचा गावाहून फोन आला.  पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला, आणि बळवंतरावांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

पुढचे वर्षभर त्यांनी दुसऱ्या आवृत्तीवर काम केले. रिॲक्टरवरच्या माणसासाठी वेगळे पान घातले, कारण त्या मुद्द्यात सुजितचे म्हणणे चुकीचे नव्हते. जिवल्या अधूनमधून येई, दम खात पायरीवर बसे आणि वाक्ये ऐकून सांगे, कोणते कळले, कोणते नाही. परवान्याचा विषय निघाला तेव्हा मैनाबाई म्हणाल्या, “आता तरी कुलूप घाला त्या कागदाला. कोनाला देव नका.”

“कुलूप घातले तर लोकांच्या हातात दुसरेच पान उरेल,” ते म्हणाले. “देऊ या. पण या वेळी विचारू या.”

त्यांनी चारुताला अट सांगितली. कोणीही छापावे, वाटावे, भाषांतर करावे. मात्र जो बदलेल त्याने काय बदलले ते त्याच पानावर सांगावे, स्वतःचे नाव घालावे आणि मूळ लेखकाचे नाव त्या पानावरून काढावे. दुसरी आवृत्ती २०२३ च्या दिवाळीत निघाली. पुढच्याच जानेवारीत, छातीच्या दुखण्याने, पालघरच्या रुग्णालयात बळवंतरावांचे निधन झाले.

नंतर जे मार्गी लागले ते असे. त्या कारखान्याने छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी बसवली आणि सूचनाफलकावरून फाटकाचा क्रमांक पुसला. सुजितचा ठेका रद्द झाला. तो आता दुसऱ्या नावाने, राज्याच्या हद्दीपलीकडच्या एका वसाहतीत काम पाहतो. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती वसाहतीतल्या मजुरांच्या हाती आहेत. वाचलेल्या माणसांपैकी जिवल्या कामावर परतू शकलेला नाही.

जे राहिले ते असे. चौकशीचा अहवाल सादर झाला, प्रसिद्ध झाला नाही. रामनाथच्या घरच्यांना तो मिळावा म्हणून केलेल्या अर्जाला उत्तर आले नाही. आणि वकिलांनी पुन्हा एकदा स्पष्ट केल्याप्रमाणे, पहिल्या आवृत्तीला दिलेली मुभा आता कोणालाच मागे घेता येत नाही. ज्याने दिली तो असता, तरी त्यालाही नाही.

गेल्या पावसाळ्यात चारुताला मोबाइलवर एक चित्र आले. कोणत्यातरी अनोळखी कारखान्याच्या भिंतीवरचा नवाकोरा फलक. तिच्या वडिलांचा हार घातलेला फोटो, खाली त्यांचे पूर्ण नाव आणि तोच मजकूर: घाबरू नका, जागा सोडू नका, सूचनेची वाट पाहा, फाटक क्रमांक चारबाहेर थांबा. पाठवणाऱ्याने ते दुसऱ्या कोणाकडून घेतले होते, त्याने तिसऱ्याकडून. कारखान्याचे नाव शोधून तिने पत्र लिहिले, मग नोटीस पाठवली. दोन्ही पोहोचल्याची पोच आली. उत्तर आले नाही. त्या कारखान्याचे चौथे फाटक कोणत्या दिशेला आहे, हे तिला अद्याप कळलेले नाही.